लॉटरी लागली... पीटीएची!

घराच्या लॉटरीसाठी आपण देव पाण्यात ठेवतो. मुलाच्या शाळेतल्या लॉटरीत मात्र साधी चिठ्ठी टाकत नाही. आणि त्याच डब्यातून निघते पुढच्या दोन वर्षांची फी!

शनिवार. सकाळचे सव्वानऊ. बाहेर जुलैचा पाऊस, आत मी आणि माझं पांघरूण. फ्रीलान्सरच्या घड्याळात ही मध्यरात्र असते. एवढ्यात फोन वाजला. ताई!

"अगं, लॉटरी लागली माझी!"

मी ताडकन उठून बसले. ताई आणि जिजू गेली कित्येक वर्षं म्हाडाचा फॉर्म भरतायत. २०२३च्या सोडतीत कन्नमवार नगरमधली घरं होती तेव्हा तर ताईने संकष्टी धरली होती. आम्ही दोघी वाढलो त्याच वसाहतीत, त्यामुळे घर हवं तर तिथेच, असा तिचा हट्ट.

"कन्नमवार नगरमध्ये?" मी ओरडलेच.

"नाही गं. पीटीएची!"

मी फोन ठेवला आणि परत झोपले. ही गोष्ट जुलै २०२४ची. त्यानंतर वर्षभर ताईने मला त्या लॉटरीचे जे किस्से ऐकवले, ते ऐकून मात्र माझी झोप उडाली. म्हणजे सिरियसली. मला मूलबाळ नाही, लग्नही नाही, तरी मी हा लेख लिहितेय यावरून काय ते ओळखा.

विक्रोळीला तशी लॉटरीची सवय आहे. घराची लॉटरी आहेच. २०२१मध्ये महापालिकेने सीबीएसईच्या नव्या शाळा सुरू केल्या, त्यातली एक पूर्वेला हरियाली व्हिलेजमध्ये. तिथे सीट मिळवायची तर सोडत. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठीही सोडतच. या सगळ्या ठिकाणी लोक रांगा लावतात, फॉर्म भरतात, नंबर लागला नाही की हळहळतात. एकच लॉटरी अशी, जिच्या डब्यात नाव टाकायला माणसं शोधावी लागतात. पीटीएच्या कार्यकारी समितीची!

५० रुपयांची पावती

आता तुम्ही म्हणाल, पीटीए म्हणजे ते तीन महिन्यांनी जाऊन 'तुमचा मुलगा वर्गात फार बोलतो' ऐकून यायचं, तेच ना? नाही हो. ती पीटीएम, म्हणजे मीटिंग. पीटीए म्हणजे असोसिएशन, पालक-शिक्षक संघ. एका अक्षराचा फरक, पण त्यात हजारो रुपये अडकलेत.

महाराष्ट्रात २०११मध्ये शाळांच्या फीबद्दल एक कायदा झाला. नाव लांबलचक आहे, महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम. राष्ट्रपतींची मंजुरी वगैरे होऊन तो प्रत्यक्षात लागू झाला २०१४मध्ये. बोर्ड एसएससी असो, सीबीएसई असो की आयसीएसई, खासगी शाळेने शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ बनवायचा, असं तो सांगतो. आणि संघाचे मेंबर कोण? शाळेतले सगळे शिक्षक आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक. शहरात वर्षाची वर्गणी ५० रुपये, गावात २०.

म्हणजे बॉस, तुमचं मूल खासगी शाळेत असेल तर तुम्ही ऑलरेडी मेंबर आहात. फीच्या पावतीवर खाली कुठेतरी 'पीटीए ५०' असं छापलेलं असेल. ताईने तीन वर्षं ते ५० रुपये भरले होते आणि तिला वाटायचं, तो गॅदरिंगच्या खाऊचा खर्च असेल.

अर्थात, शेकडो पालक एकदम बसून काही ठरवू शकत नाहीत. म्हणून या संघाची कार्यकारी समिती. कायद्याचा खरा जीव या समितीत आहे. तिने काय काय करायचं, याची यादीही कायद्यात दिली आहे. अभ्यासक्रम ठरल्याप्रमाणे पूर्ण होतोय का हे बघायचं, शाळेच्या उपक्रमांना हातभार लावायचा, कुठली फी कशासाठी घेतली जाते याची माहिती पालकांपर्यंत पोचवायची. आणि मुख्य म्हणजे शाळेने सुचवलेल्या फीला मंजुरी द्यायची. हो, मंजुरी. शाळा फी 'सुचवते'. मंजूर करते ती समिती, ज्यात तुमच्याआमच्यासारखे पालक बसलेले असतात. निदान बसलेले असायला हवेत.

बिस्किटाचा डबा

समितीत पालक निवडायचे कसे? इथे कायद्याने भारी फंडा काढलाय. निवडणूक नाही, नेमणूक नाही, सरळ चिठ्ठ्या. ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्यायची आणि त्यातून सोडत काढायची.

यामागचं कारण कुठल्याही शाळेच्या गेटवर दोन मिनिटं उभं राहिलात तर कळेल. प्रत्येक शाळेत काही पालक असतात ज्यांचं ऑफिसात येणंजाणं असतं, ज्यांना शिपाईकाकाही नावाने ओळखतात, स्पोर्ट्स डेच्या बक्षिसांचे कप ज्यांच्या ओळखीच्या दुकानातून येतात. नेमणूक झाली तर तेच येणार. निवडणूक झाली तर ज्याचा आवाज मोठा आणि ज्याच्या मागे कुठला तरी झेंडा, तो येणार. विक्रोळीत तर सोसायटीची निवडणूकही पक्षाच्या शाखेपर्यंत पोचते! चिठ्ठीला यातलं काही दिसत नाही. मला तरी ही आयडिया सॉलिड वाटली.

पण चिठ्ठी निघते ती डब्यात असलेल्या नावांमधूनच. ताईच्या शाळेत (नाव लिहीत नाही, भाचा अजून तिथेच शिकतोय) तिसरीच्या चार तुकड्या. आईबाबा धरून दोनेकशे लोक तरी झाले. नोटीस आली, क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉर्म आला, वीस-पंचवीस अंगठे पडले. प्रत्यक्ष फॉर्म भरले दोघांनी. ताईने भरला तोही चुकून, म्हणजे तिला वाटलं तो पिकनिकच्या संमतीचा आहे. शाळेच्या हॉलमध्ये ग्लुको बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा, त्यात दोन चिठ्ठ्या, आणि दुसरीतल्या एका छोट्या मुलीने हात घालून ताईला बाहेर काढलं.

फिफ्टी-फिफ्टी चान्स! म्हाडात असे ऑड्स मिळाले असते तर ताई आज स्वतःच्या घरात असती.

समोरची टीम नेहमीच हजर

समितीची रचना एकदा नीट बघा, मग पुढचं सगळं कळेल. अध्यक्ष मुख्याध्यापक. उपाध्यक्ष एक पालक. सचिव एक शिक्षक. सहसचिव दोन, दोघेही पालक. आणि मग प्रत्येक इयत्तेतून एक पालक नि एक शिक्षक. म्हणजे गणित जवळजवळ निम्मं-निम्मं आहे. वरच्या दोन जोड खुर्च्या धरल्या तर पालकांचं पारडं किंचित जडच.

हे झालं कागदावर. आता मीटिंग ठेवा बुधवारी सकाळी ११ वाजता.

शिक्षक शाळेतच असतात. त्यांना फक्त जिना चढायचाय. पालकांपैकी एक अंधेरीला, एक बीकेसीत, एक नाइट शिफ्ट करून नुकताच झोपलेला, एकीच्या सासूबाई हॉस्पिटलमध्ये. ताईचं ऑफिस विक्रोळी पश्चिमेला, एलबीएस रोडवर. शाळा पूर्वेला. नकाशावर दोन बोटांचं अंतर. पण रेल्वेवरचा पूल सुरू झाला जून २०२५मध्ये, त्याआधी रिक्षाने पश्चिमेकडून पूर्वेला यायचं म्हणजे लांबचा वळसा आणि वर ट्रॅफिक. त्यात ताई एचआरमध्ये! दुसऱ्यांच्या हाफ-डेवर शेरे मारणाऱ्या बाईने स्वतः हाफ-डे मागायचा म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता.

कायदा म्हणतो, समितीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. मेंबरांची यादी नोटीस बोर्डावर लावायला हवी, शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायला हवी. किती वाजता भेटायचं, हे मात्र कायदा सांगत नाही. आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. पालकांचं बहुमत कुणी काढून घेत नाही. ते ट्रॅफिकमध्ये अडकतं.

सही कुठे करायची?

पहिली मीटिंग ऑगस्टच्या शेवटी झाली आणि ती फीवर नव्हतीच. २० ऑगस्ट २०२४ला बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले होते. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने अख्खी मुंबई हादरली होती. सीसीटीव्ही बसवा, असे सरकारी आदेश निघाले. 'सखी सावित्री समिती' हे नाव बऱ्याच पालकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खरं तर शाळाशाळांमध्ये ही समिती असावी, असा शासन निर्णय निघाला होता १० मार्च २०२२ला! ताईच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, आपल्याकडे ती आहे का? क्षणभर शांतता. मग 'आहे' म्हणून उत्तर आलं. मग 'त्यात कोण कोण आहे?' आणि परत शांतता. पुढच्या आठवड्यात यादी बोर्डावर लागली. ताई म्हणते, आयुष्यात एवढा उपयोगी प्रश्न कुठल्याही मीटिंगमध्ये ऐकला नव्हता. आणि विचारणारा कोण, तर नाइट शिफ्टवाला, डोळे चोळत आलेला.

खरा सिनेमा डिसेंबरात. का डिसेंबर? कारण पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव शाळेने ते वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो. जूनला सुरू होणारी शाळा, मागे मोजा सहा महिने. समितीकडे निर्णयासाठी ३० दिवस असतात. शाळेचं ठिकाण, सोयी, देखभालीचा खर्च, शिक्षकांचे पगार, पुढच्या वाढीसाठी लागणारी वाजवी शिल्लक, हे सगळं बघून आकडा ठरवायचा. आणि एकदा मंजूर झाला की तो दोन शैक्षणिक वर्षं सगळ्यांवर बंधनकारक. थर्टी फर्स्टचे प्लॅन चालू असताना आपली दोन वर्षांची फी ठरत असते आणि आपण एप्रिलमध्ये सर्क्युलर आल्यावर ग्रुपवर लाल तोंडाचे इमोजी टाकतो.

तर बुधवार, सकाळचे अकरा. खोलीत अठरा माणसं, त्यात पालक सहा. चहा, वेफर्स, सामोसा. चार पानी प्रस्ताव हातोहात फिरला आणि शेवटच्या माणसाकडून गोळाही झाला. मग आला हजेरीचा कागद. ताई सही करणार एवढ्यात तिची नजर वर गेली. 'सभेस उपस्थित व ठरावास मान्यता देणारे सदस्य.'

इथे आमच्या बाबांची एंट्री घ्यावी लागेल. बाबा सामोसा खायला तिथे नव्हते, पण त्यांची शिकवण होती. कन्नमवार नगरमध्ये रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा किती वर्षं चालतात हे तिथे राहिलेल्यालाच माहीत. बाबा प्रत्येक मीटिंगला जायचे आणि प्रत्येक कागदावर सहीच्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहायचे, 'फक्त हजर'. हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी, हे आम्हाला पाढ्यांसोबत शिकवलं गेलंय.

ताईने सही केली. बाजूला लिहिलं, 'फक्त हजर'. आणि म्हणाली, "मॅडम, मला प्रस्तावाची कॉपी हवीय. घरी वाचून सांगते."

"अहो, सगळ्यांनी वाचलाय."

"मी हळू वाचते."

समोरचा एक पालक लगेच वर पंख्याकडे बघायला लागला. डिसेंबरात पंखा बंद होता.

आता एक सांगते. मुख्याध्यापिका काही व्हिलन नव्हत्या. शिक्षकांचे पगार वाढवायचे होते आणि ते गरजेचं होतं, हे ताईसुद्धा कबूल करते. चांगले शिक्षक शेजारच्या शाळेत निघून गेले की सगळ्यात आधी आपणच ओरडतो. मॅडमना फक्त वाटत होतं की हे काम सामोशाच्या दोन घासांत उरकावं. आपल्यापैकी किती जण ऑफिसमध्ये बजेटच्या मेलला न वाचता 'अॅप्रूव्हड' लिहितो? मग!

कॉपी मिळाली. रविवारी ताई, मी आणि जिजू ती घेऊन बसलो. जिजूंचं एकच पालुपद, "कशाला नडतेस? मूल तिथे आहे आपलं." हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. माझ्या मते समितीच्या खुर्च्या रिकाम्या राहायचं पहिलं कारण ट्रॅफिक असेल, तर दुसरं हे. आपण बोललो तर राग मुलावर निघेल, ही भीती. ती खरी असते की नाही, हे मुद्दामहून तपासायला कुठला पालक जाईल?

वाचता वाचता सापडलं ते असं. डिजिटल क्लासरूमचा खर्च दोनदा धरलेला. एकदा 'उपक्रम' या नावाखाली, एकदा 'पायाभूत सुविधा' म्हणून. घोटाळा नव्हता. दोन वेगळ्या माणसांनी दोन पानं टाइप केली होती. पण कुणी वाचलंच नसतं तर दोन वर्षं प्रत्येक मुलाने ते दोनदा भरलं असतं.

जानेवारीत ताईच्या आग्रहाने दुसरी मीटिंग झाली, शनिवारी. या वेळी पालक अकरा. चूक दुरुस्त झाली, वाढ थोडी खाली आली. किती? महिन्याला एका मिडियम पिझ्झाएवढी. तुम्ही म्हणाल, बस? मग गुणिले २४ महिने करा, आणि गुणिले शाळेतली सगळी मुलं.

एकमत झालंच नसतं तर? समितीने मंजूर केलेली आणि शाळेने मागितलेली फी यात १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. तिथे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात. साध्या पालकाला तिथे एकट्याने जाता येत नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यायची अट आली. दोनशेपैकी दोघांनी फॉर्म भरणाऱ्या शाळेत २५ टक्के पालक एका कागदावर आणायचे म्हणजे... असो.

गॅदरिंगला भाचा शेवटच्या रांगेत नाचत होता. ताईच्या पोटात गोळा! दोन दिवस तिला झोप नाही. शेवटी न राहवून त्याला विचारलं, "तुला मागे का रे उभं केलं?" तो म्हणाला, "मीच मागितलं. पुढे उभं राहिलं की नीट नाचावं लागतं."

मावशी अध्यक्ष आहेत

याच सगळ्या गडबडीत एक दिवस ताईकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, उद्या उशीर होईल. शाळेत मीटिंग आहे."

"कसली?"

"शाळा व्यवस्थापन समितीची. मी अध्यक्ष आहे ना."

ताईच्या हातातला चहा तसाच राहिला. मावशी टागोर नगरला राहतात, मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीला. आणि त्या अध्यक्ष! ताई एमबीए, आणि तिचं पद सदस्य, इयत्ता तिसरी.

यात चमत्कार काही नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला, त्याच्या २१व्या कलमात ही समिती आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. आणि महाराष्ट्रात तिचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात. मुख्याध्यापक असतात सचिव, म्हणजे कागद सांभाळणारे. शाळेचा विकास आराखडा बनवायचा, आलेला निधी कुठे गेला ते बघायचं, हे या समितीचं काम. खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र हे कलम लागू नाही. म्हणजे जिथे फी नाही तिथे खुर्ची पालकाची, आणि जिथे पालक हजारोंनी फी मोजतो तिथे खुर्ची मुख्याध्यापकांची. कायदे दोन, काळ जवळजवळ एकच. मला यातली गंमत अजून पचलेली नाही.

खुर्ची मिळाली म्हणून सगळं मिळतं असंही नाही हं. मावशींचा अर्धा दिवस बुडतो आणि त्याचे पैसे कुठलंच घर देत नाही (ताई आता देते, हे नोंदवून ठेवते). मुलींच्या टॉयलेटचं दार दुरुस्त व्हायला किती मीटिंगा लागल्या ते त्या बोटांवर मोजून दाखवतात. पण त्यांची एक पद्धत आहे. इतिवृत्त सहीला आलं की म्हणतात, "सर, आधी मोठ्याने वाचा." सर वाचतात. मध्येच थांबवून त्या विचारतात, "हे आपण बोललो होतो का?"

आणि ही भानगड आपलीच आहे असं समजू नका. पीटीए या प्रकाराचं मूळ शोधलं तर थेट वॉशिंग्टनला पोचतो. १७ फेब्रुवारी १८९७ला तिथे अॅलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी मातांची एक राष्ट्रीय परिषद भरवली, अमेरिकेतली आजची नॅशनल पीटीए त्यातूनच वाढली. त्या काळात तिथल्या बहुतेक बायकांना मतदानाचाही हक्क नव्हता. त्या शाळेचे कागद मात्र मागत होत्या.

लॉकडाऊनमधली आठवण

आपल्याकडे या समितीची आठवण एकदाच सगळ्यांना एकदम झाली होती. मे २०२०. शाळा बंद, पगार कापलेले, फी मात्र चालू. ८ मेला सरकारने सांगितलं की २०२०-२१साठी फीवाढ करू नका. त्याच निर्णयात असंही होतं की ज्या सोयी वापरल्याच जात नाहीत आणि ज्यांचा खर्च वाचलाय, तिथे समितीत ठराव करून फी कमी करता येईल. शाळा कोर्टात गेल्या, जूनमध्ये हायकोर्टाने निर्णयाला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाच्या राजस्थानातल्या शाळांबाबतच्या निकालानंतर १२ ऑगस्ट २०२१ला १५ टक्के कपातीचा शासन निर्णय आला. त्या दीड वर्षात घराघरात, झूमवर, बिल्डिंगखाली एकच प्रश्न फिरत होता. आपल्या शाळेच्या समितीत आहे तरी कोण? नोटीस बोर्डावर यादी असणार, पण शाळेला कुलूप!

फी सोडूनही समितीचं नाव बऱ्याच ठिकाणी लागतं. स्कूल बसच्या २०११च्या नियमांत शाळेची परिवहन समिती सांगितलीय, त्यात पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी लागतो, ट्रॅफिक पोलीस लागतात. बसमध्ये अटेंडंट आहे का, वेग किती, कागदपत्रं आहेत का, हे विचारायची ती जागा. आपण मात्र हे प्रश्न ड्रायव्हरकाकांना विचारतो, तेही बस सुटताना खिडकीतून.

पुन्हा जुलै

ताईची टर्म संपली. समितीतल्या पालकाला लगेच पुन्हा नाव देता येत नाही, हेही एका परीने बरंच. नाहीतर वर्षभरात 'ऑफिसात नावाने ओळखला जाणारा पालक' ताईच झाली असती.

फीच्या सर्क्युलरवर ग्रुपमध्ये भडका उडाला तो वेगळाच. 'वाढ मंजूर कुणी केली?' 'आपले रिप्रेझेंटेटिव्ह काय झोपले होते का?' ताईने रात्री साडेअकराला एक लांबलचक मेसेज टाइप केला. डिजिटल क्लासरूम, दोन पानं, पिझ्झा, सगळं. मग डिलीट केला. त्याऐवजी जुलै २०२५मध्ये नव्या वर्षाची नोटीस लागली तेव्हा तिने फॉर्मचा फोटो टाकला आणि खाली एक ओळ लिहिली, 'बुधवार शेवटची तारीख. मीटिंग शनिवारी घ्या असं आधीच लिहून द्या, घेतात.'

शनिवारी सकाळी मीच फोन केला. सव्वानऊला! रेकॉर्डच.

"किती चिठ्ठ्या होत्या गं डब्यात यंदा?"

"चौथीतून पाच."

"आणि निघाली कुणाची?"

ताई हसायला लागली. "तो नाही का, त्या दिवशी पंख्याकडे बघणारा. त्याची."